आईला पाठ असलेला नंबर

आईला तीन मोबाइल नंबर पाठ आहेत. पप्पांचा, मामाचा आणि माझा. माझा नंबर मी २०१५ साली इंजिनिअरिंगला अ‍ॅडमिशन घेतल्यावर घेतला. त्यानंतर सिमची कंपनी एकदा बदलली, फोन पाच बदलले, नंबर तोच राहिला. आधारला तोच, बँकेला तोच, पीएफला तोच. आणि आईला तोच.

ऑक्टोबर २०२३ मधल्या एका पहाटे आईने तो नंबर चौदा वेळा लावला. चौदाही वेळा तिला एका बाईने सांगितलं, की आपण डायल केलेला नंबर सध्या बंद आहे.

बंद मीच केला होता. चोवीसशे रुपये वाचवायला.

*

मी सातपूर एमआयडीसीतल्या एका लहान कंपनीत सॉफ्टवेअर लिहितो. आम्ही तपासणीची मशीन बनवतो. पट्ट्यावरून पार्ट जाताना कॅमेरा त्याचे फोटो काढतो आणि आमचं सॉफ्टवेअर त्यात चीर, खड्डा, राहिलेली धार शोधतं. मशीन जहाजाने परदेशात जातं, मागून आम्ही विमानाने. तिथे ते उभं करायचं, चालवून दाखवायचं, गिऱ्हाइकाची सही घ्यायची आणि परत यायचं. दहा-पंधरा दिवसांचं काम. सातपूर-अंबडच्या पट्ट्यात असे बॅग भरून निघणारे बरेच जण आहेत. आणि नाशिकला जर्मनी काही नवीन नाही. बॉशला इथले जुने लोक अजून मायकोच म्हणतात, आणि शहरातला मायको सर्कल मायको सर्कलच राहिला आहे.

पहिल्यांदा जाणाऱ्याला ऑफिसात सगळे सल्ले मिळतात. थर्मल कुठून घे, पोहे किती ने, प्लगचा अ‍ॅडॅप्टर कोणता. फोनचा प्रश्न मात्र आठवतो तो एअरपोर्टला निघालेल्या टॅक्सीत, कसारा घाटात. तिथे नेमकी रेंज नसते.

मी त्यातल्या त्यात शहाणा. मी आठवडाभर आधी एक्सेल उघडली होती.

परदेशात फोन चालवायचे साधारण चार रस्ते आहेत. एक, आपल्याच सिमवर इंटरनॅशनल रोमिंगचा पॅक मारायचा. दोन, प्रवाशांसाठीचं ईसिम घ्यायचं. त्यात बहुतेक वेळा फक्त डेटा असतो, बोलायचा नंबर नसतो. तीन, त्या देशात उतरून तिथलं सिम घ्यायचं. चार, काहीच करायचं नाही, हॉटेल आणि ऑफिसच्या वायफायवर दिवस काढायचे.

आमच्या कंपनीत परदेशी कामाला रोजचा ठरावीक भत्ता मिळतो. जेवण, बस, फोन सगळं त्यातच. म्हणजे फोनवर वाचवलेला रुपया आपल्या खिशात. त्यामुळे एक्सेलमध्ये मी जे शोधत होतो ते एकच होतं, एका जीबीला किती रुपये. रोमिंग पॅक महाग निघाला, ईसिम स्वस्त. फरक चोवीसशेचा.

आमच्या सिनियरनेही तेच सांगितलं. "इंडियन सिम बंद करून टाक. चुकून चालू राहिलं तर बिल येईल. ईसिम घे. व्हॉट्सअ‍ॅप चालतंय ना, मग अजून काय पाहिजे?"

बरोबर वाटलं. मी आईला सांगितलं, व्हॉट्सअ‍ॅपवर कॉल कर. ती हो म्हणाली. आईचं 'हो' हे बऱ्याचदा विषय संपवण्यासाठी असतं, हे मला तेव्हाही माहीत होतं.

एक्सेलमध्ये जीबी होते, दिवस होते, रुपये होते. मला कोण, कधी, कुठल्या नंबरवर शोधणार, हा कॉलम नव्हता.

*

जर्मनीत तेव्हा उन्हाळी वेळ चालू होती, म्हणजे आपल्यात आणि त्यांच्यात साडेतीन तासांचा फरक. (ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं मागे जातात, मग तो साडेचार होतो.) स्टुटगार्टजवळच्या एका गावात मी हॉटेलात झोपलो होतो. सहावी रात्र. तिकडे रात्रीचे एक वाजून गेले होते. सातपूरला पहाटेचे पावणेपाच.

पप्पांच्या छातीत दुखायला लागलं. घाम आला. आईने पहिला फोन मला लावला. तिच्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅप आहे, पण रात्री ती नेट बंद करून झोपते. नेट चालू ठेवलं की ते संपतं, असं तिचं गणित आहे. आणि तसंही, घाबरलेल्या माणसाचा हात ज्या सवयीचा असतो तिकडेच जातो. तिने नंबर दाबला. पुन्हा दाबला.

मग ती शेजारच्या काकांचं दार वाजवायला गेली. काकांनी गाडी काढली. त्र्यंबक रस्ता रिकामा होता. सहाच्या आत पप्पा हॉस्पिटलात होते. ईसीजी झाला, डॉक्टर म्हणाले अँजिओप्लास्टी लगेच करावी लागेल. दीड लाख भरायचे होते. काकांनी त्यांच्या कार्डावरून साठ हजार भरले. बाकीचे आज भरतो म्हणून मामाच्या मुलाने सही केली.

मी सकाळी सातला उठलो, वायफाय जोडलं. बत्तीस मेसेज होते. नाशकात तेव्हा साडेदहा वाजले होते आणि पप्पा आत होते.

माझ्या खात्यात पैसे होते. हेच पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं. पैसे होते.

यूपीआयचं अ‍ॅप उघडलं. सिम सापडत नाही म्हणालं, पुन्हा व्हेरिफाय करा. त्यासाठी भारतातल्या त्या सिमवरून एक एसएमएस जावा लागतो. नेट बँकिंग उघडलं. मामाच्या मुलाचं खातं नवीन जोडायचं, तर ओटीपी. ओटीपी जाणार माझ्या नंबरवर. म्हणून फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन भारतातलं सिम चालू केलं. 'नो सर्व्हिस.' कारण माझ्या प्रीपेड नंबरवर इंटरनॅशनल रोमिंग कधी सुरूच केलं नव्हतं. ते सुरू करायला पॅकचं रिचार्ज हवं. रिचार्ज करायला कार्ड. कार्डाला ओटीपी.

रिचार्जसाठी ओटीपी, ओटीपीसाठी रिचार्ज. मी दिवसभर कोडमधले असे लूप शोधतो. पगार त्याचाच मिळतो. आणि त्या सकाळी हॉटेलच्या पलंगावर बसून मी स्वतःच लिहिलेल्या एका लूपमध्ये अर्धा तास फिरत होतो.

सुटका मामाच्या मुलाने केली. तो बारावीनंतर शिकला नाही, सातपूर कॉलनीत त्याचं मोबाइल अ‍ॅक्सेसरीजचं दुकान आहे. म्हणाला, "अरे, तुझं रिचार्ज तूच कशाला करतोस? मी करतो इथून." कोणाच्याही नंबरचं रिचार्ज कोणीही करू शकतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. सुचलं नव्हतं. त्याने तिकडून सर्वात लहान रोमिंग पॅक मारला, मी फोन बंद करून चालू केला, दहा मिनिटांनी वर जर्मन कंपनीचं नाव आलं.

आणि मग एसएमएस यायला लागले. ओटीपीच्या आधी मिस्ड कॉलचे. कोणी किती वाजता फोन केला होता ते सांगणारे. सगळे आईच्या नंबरचे. पहिला चार बेचाळीसचा, शेवटचा पाच वाजून नऊ मिनिटांचा. चौदा हा आकडा मला त्यातून कळला. आईने तो कधीच सांगितला नाही.

पैसे पोचले तेव्हा पप्पांना वॉर्डात आणलं होतं. एक स्टेंट. आज ते ठीक आहेत, सकाळी चालायला जातात, मीठ कमी खातात आणि त्याबद्दल रोज तक्रार करतात. नशीब काकांकडे गाडी होती, कार्ड होतं आणि झोप हलकी होती. माझ्या एक्सेलमध्ये यातलं काहीच नव्हतं.

*

परत आल्यावर मी जे जाण्याआधी करायला हवं होतं ते केलं. रोमिंग म्हणजे नक्की काय होतं ते वाचलं.

आपल्या सिममध्ये जास्तीत जास्त पंधरा आकड्यांचा एक ओळख क्रमांक असतो. तो आपल्या मोबाइल नंबरापेक्षा वेगळा. त्यातले पहिले तीन आकडे देशाचे. भारताचे ४०४ आणि ४०५. पुढचे कंपनीचे, मग आपले. जर्मनीत फोन चालू केला की तिथला टॉवर हा क्रमांक वाचतो, त्याला कळतं की हा पाहुणा भारताचा आहे, आणि तो भारतातल्या आपल्या कंपनीला विचारतो: हा तुमचाच ना? याचं रोमिंग चालू आहे? तिकडून होकार आला की आपली तात्पुरती सोय होते. आणि आपण आता कुठे आहोत याची नोंद भारतातल्या कंपनीकडे होते.

सगळा खेळ या नोंदीचा आहे. आईने सातपूरहून माझा नंबर लावला की तो कॉल आधी भारतातल्या माझ्या कंपनीकडे जातो. तिथे नोंद बघितली जाते आणि कॉल जर्मनीकडे वळवला जातो. म्हणून आईला तो साधा, देशातल्या देशातला कॉल असतो. पुढचा परदेशातला तुकडा माझ्या खात्यावर पडतो. एसएमएसचंही तसंच. मी सिम बंद केलं तेव्हा ती नोंदच नव्हती. टॉवर होते, नेट होतं, माझ्या उशाशी फोन होता. पण भारताच्या नोंदवहीत मी कुठेच नव्हतो.

ही व्यवस्था वाटते तितकी जुनी नाही. युरोपातल्या १३ देशांनी १९८७ साली कोपनहेगनमध्ये एकाच पद्धतीचं मोबाइल जाळं उभारायचा करार केला, तेव्हा मुख्य कल्पनाच ही होती की माणूस सीमा ओलांडून गेला तरी फोन चालला पाहिजे. त्या जीएसएम पद्धतीचा पहिला कॉल १ जुलै १९९१ रोजी फिनलंडमध्ये झाला. त्यासाठीची पहिली सिम कार्डं म्युनिकच्या एका कंपनीने बनवली होती. पुढच्याच वर्षी फिनलंड आणि ब्रिटनच्या दोन कंपन्यांमध्ये रोमिंगचा पहिला करार झाला. भारतात पहिला मोबाइल कॉल झाला ३१ जुलै १९९५ रोजी, कोलकात्याहून ज्योती बसूंनी दिल्लीत सुखराम यांना केलेला.

डेटाचं प्रकरण आणखी मजेशीर आहे. आपल्या सिमवर रोमिंगमध्ये इंटरनेट वापरलं, तर ते साधारणपणे जर्मनीतून थेट बाहेर पडत नाही. आधी भारतात येतं, इथून पुढे जातं. त्यामुळे वेबसाइटला वाटतं आपण भारतातच आहोत. आमचे चीनला जाणारे लोक याचा फायदा घेतात. तिथल्या हॉटेलच्या वायफायवर गूगल उघडत नाही, भारतीय सिमच्या रोमिंगवर उघडतं. तोटा असा, की दोनशे मीटरवरच्या हॉटेलचा पत्ता शोधायचा तर ती विचारणा भारतात जाऊन परत येते. प्रवासी ईसिमचं इंटरनेट तर कधीकधी तिसऱ्याच देशातून बाहेर पडतं. मी जर्मनीत बसून ऑफिसच्या सर्व्हरला लॉगिन केलं की आमच्या आयटीवाल्याला भलत्याच देशाचं नाव दिसायचं आणि तो मला ब्लॉक करायचा.

*

दुसरी ट्रिप एप्रिल २०२४ मध्ये झाली. या वेळी मी आधीची चूक करणार नव्हतो. त्यामुळे उलटी केली.

कंपनीला सांगून पोस्टपेड नंबर घेतला, वर मोठा रोमिंग पॅक. माझं स्वतःचं सिमही चालू. दोन्ही चालू, सगळं चालू, डेटा रोमिंग चालू. आता कोणीही कधीही फोन करा.

काम होतं फ्रिडरिशहाफेनला. हे जर्मनीच्या दक्षिण टोकाचं गाव, कॉन्स्टन्स नावाच्या मोठ्या तळ्याच्या काठावर. झेपेलिनची हवाई जहाजं इथली. तळ्याच्या या काठाला जर्मनी, पलीकडच्या काठाला स्वित्झर्लंड. समोर रोमान्सहॉर्न गाव आहे आणि मध्ये फेरी बोट चालते. हवा स्वच्छ असली की पलीकडचे डोंगर दिसतात. माझी खोली तळ्याकडे तोंड करून होती. मला फार आवडली.

फोनलाही आवडली असावी. पाण्यावर अडथळा काही नसतो, पलीकडच्या काठावरचा स्विस टॉवर त्याला छान ऐकू यायचा आणि तो अधूनमधून जर्मनी सोडून स्वित्झर्लंडला चिकटायचा. माझ्या पॅकच्या यादीत जर्मनी होतं. स्वित्झर्लंड वेगळ्या झोनमध्ये होतं. मी संध्याकाळी खोलीत बसून हॉटस्पॉटवरून दिवसभराचे तपासणीचे फोटो सातपूरच्या सर्व्हरवर चढवत होतो. कॅमेऱ्याचे फोटो, एकेक वीस-पंचवीस एमबीचा.

महिन्याने आमच्या अकाउंट्सच्या मॅडमनी बोलावलं. "तुम्ही जर्मनीला गेला होता ना?"

"हो."

"मग बिलात स्वित्झर्लंड कसं?"

अठरा हजार सातशे रुपये. मी त्यांना नकाशा काढून दाखवला, तळं दाखवलं. त्या नकाशाकडे बघत म्हणाल्या, "पण तुम्ही गेला होता का तिकडे?" मी म्हटलं, नाही मॅडम, फोन गेला होता. अर्धं कंपनीने भरलं, अर्धं माझ्या भत्त्यातून गेलं.

माझी समजूत अशी होती की युरोपात रोमिंग संपलं आहे. ते अर्धवट खरं आहे. १५ जून २०१७ पासून युरोपियन युनियनमध्ये एका देशाचं सिम दुसऱ्या देशात घरच्याच दरात वापरता येतं. पण एक म्हणजे तो नियम तिथल्या सिमसाठी आहे, आपल्या सिमसाठी नाही. आणि दुसरं म्हणजे स्वित्झर्लंड युनियनमध्ये नाही. चहूबाजूंनी युरोप असलेला हा देश पॅकच्या यादीत आहे का, हे वेगळं बघावं लागतं. यादीत नुसतं 'युरोप' लिहिलेलं असलं की देशांची नावं उघडून वाचायची.

असाच दुसरा न दिसणारा देश म्हणजे विमान. काही विमानांत आत छोटा मोबाइल टॉवर असतो, उपग्रहाने जोडलेला. एअरप्लेन मोड न लावता झोपलात तर फोन त्याला जाऊन चिकटू शकतो, आणि देशाच्या पॅकमध्ये हे आकाशातलं नेटवर्क सहसा धरलेलं नसतं.

*

आता आमच्या ऑफिसात जाणारा प्रत्येक जण माझ्याकडे येतो. दोनदा ठेच लागलेला माणूस म्हणून माझी ख्याती आहे. मी त्यांना पॅकचं नाव सांगत नाही. दर महिन्याला दर बदलतात, आणि दुबईचं उत्तर जपानला चालत नाही. मी एक प्रश्न विचारतो: तुला तिकडे असताना कोण शोधेल, आणि कुठल्या नंबरवर?

उत्तर बहुतेकांचं सारखंच असतं. घरचे आणि बँक. दोघंही भारतातल्या नंबरवर. म्हणून भारतातलं सिम फोनमध्ये जिवंत ठेवायचं. फक्त कॉल आणि एसएमएससाठी, त्याचं डेटा रोमिंग बंद. त्यावर सर्वात लहान रोमिंग पॅक घरातूनच, निघायच्या आधी मारायचा. येणाऱ्या एसएमएसला सहसा पैसे लागत नाहीत, पण रोमिंग सुरू असल्याशिवाय ते येतही नाहीत. उतरल्यावर एअरपोर्टवरच एखादा ओटीपी मागवून बघायचा. तिथे कळलेली अडचण आणि रात्री एक वाजता कळलेली अडचण यांत फार फरक आहे.

डेटासाठी दुसरी लाइन, ईसिम. ते घरच्या वायफायवर आधीच उतरवून ठेवायचं, कारण उतरवायलाही इंटरनेट लागतं, आणि फोनच्या स्क्रीनवरचा क्यूआर कोड तोच फोन कॅमेऱ्याने स्कॅन करू शकत नाही हे लोकांना एअरपोर्टवर कळतं. ईसिम कोणाकडून घेतो तेही बघायचं. जानेवारी २०२४ मध्ये एअरालो आणि होलाफ्लाय ही दोन परदेशी ईसिम अ‍ॅप भारतातल्या अ‍ॅपल आणि गूगलच्या स्टोअरमधून काढली गेली, कारण परदेशी सिम इथे विकायला दूरसंचार विभागाचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं आणि ते त्यांच्याकडे नव्हतं.

तिकडे जाऊन सिम घेऊ, असं म्हणणाऱ्याला देश विचारायचा. जर्मनीत जुलै २०१७ पासून प्रीपेड सिमलाही ओळख पटवावी लागते. पासपोर्ट दाखवा, पत्ता द्या. दहा दिवसांसाठी आलेल्या माणसाचं त्यात एक संध्याकाळ सहज जाते. जपानमध्ये पर्यटकांना मिळणारी सिम बहुतेक नुसत्या डेटाची असतात. आणि दुबईला जाणाऱ्याला मी आधीच सांगतो, घरी सांगून ठेव, तिथे व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज जातात पण कॉल लागत नाही. तो तिथे बंद आहे.

फोन जुना असेल तर व्होएलटीई चालतं का बघायचं. जर्मनीतली थ्रीजी नेटवर्कं २०२१ मध्येच बंद झाली. अशा देशात फोरजीवर कॉल न लागणारा फोन एकदम टूजीवर घसरतो, आणि जिथे टूजीही उरलेलं नाही तिथे इंटरनेट चालतं पण कॉल लागत नाही.

निघायच्या आदल्या दिवशी सिम बदलायचं नाही. हरवलं म्हणून नवं घेतलं, किंवा साध्या सिमचं ईसिम करून घेतलं, की फसवणूक टाळण्यासाठी पहिले चोवीस तास त्या नंबरवर एसएमएस बंद ठेवतात. नियम चांगला आहे. पण विमान त्या चोवीस तासांत असेल तर आपण ओटीपीशिवाय उतरतो.

आणि पैशाचं. घरातल्या ज्या माणसाला अडीअडचणीला पैसे पाठवावे लागतील त्याचं खातं बँकेत आधीच जोडून ठेवायचं. माझ्या त्या सकाळनंतर दोनच महिन्यांनी, डिसेंबर २०२३ मध्ये, रिझर्व्ह बँकेने हॉस्पिटल आणि शिक्षणाच्या यूपीआय पेमेंटची मर्यादा एक लाखावरून पाच लाख करायचं जाहीर केलं. बातमी वाचून मी फोन बाजूला ठेवला. मर्यादेचा माझा प्रश्नच नव्हता. माझं सिम बंद होतं.

*

पप्पांनी याबद्दल मला एकदाच विचारलं. घरी आल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी. टीव्ही चालू होता.

"फोन बंद का होता रे?"

मी रोमिंग सांगितलं. पॅक सांगितला, ईसिम सांगितलं, ओटीपीचा लूप सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं. ते सातपूरच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं मशीनवर होते. मग म्हणाले, "मला कारखान्यात नंबर नव्हता. तरी तुझी आई मला शोधायची."

ते कशाबद्दल बोलत होते ते मला माहीत होतं. २००३ साली मी सहा वर्षांचा होतो. जिन्यावरून पडून डोकं फुटलं. आई मला कडेवर घेऊन कोपऱ्यावरच्या पीसीओवर गेली आणि तिने कारखान्याच्या टाइम ऑफिसला फोन लावला. तो नंबर तेव्हा तिला पाठ होता. टाइम ऑफिसच्या माणसाने गेटवरच्या वॉचमनला पाठवलं, वॉचमन शॉपमध्ये गेला, त्याने सुपरवायझरला विचारलं, सुपरवायझरने मशीन दाखवलं. वीस मिनिटांत पप्पा दवाखान्यात. अंगावर निळा युनिफॉर्म, हाताला ग्रीस. त्या ग्रीसचा वास आणि टाके, एवढंच मला आठवतं.

तीही एक प्रकारची नोंदवहीच होती. टाइम ऑफिसच्या रजिस्टरात पप्पांचा टोकन नंबर होता, ते कोणत्या शिफ्टला कोणत्या शॉपमध्ये आहेत हे कोणाला तरी माहीत होतं आणि कोणीतरी उठून चालत जात होतं. मला वाटत होतं माझा फोन जगात कुठेही लागतो. तो लागतो, पण मी कुठे आहे हे आपल्या कंपनीला कळेल एवढी तजवीज मीच करायची असते. ती मी चोवीसशे रुपयांत विकली होती.

हे मी त्यांना बोललो नाही. टीव्हीचा आवाज त्यांनी पुन्हा वाढवला होता.

*

गेल्या महिन्यात पुन्हा जर्मनी झाली. आता मुंबईला जायला इगतपुरीपासून समृद्धी आहे, त्यामुळे टॅक्सीत कसारा घाट लागत नाही आणि आठवण व्हायची ती जागाही गेली. पण मी पॅक दोन दिवस आधीच मारला होता. मामाच्या मुलाच्या दुकानात बसून, त्याने डोळ्यांसमोर चेक केल्यावर.

निघताना आईला परत समजावलं. व्हॉट्सअ‍ॅप लागलं तर ठीक, नाहीतर सरळ नेहमीच्या नंबरावर कर. किती वाजता असेना. ती म्हणाली, "पण तुला पैसे पडतात ना?" मी म्हटलं, पडू दे. मी भरलेत ते.

फ्रँकफर्टला उतरलो. विमान अजून गेटकडे सरकत होतं. एअरप्लेन मोड काढला. मिनिटभर नुसतं 'सर्चिंग'. मग जर्मन कंपनीचं नाव आलं, स्वागताचा एसएमएस आला. बँकेचा ओटीपी मागवला, आला. ईसिमची लाइन चालू केली. सगळं यादीप्रमाणे.

तेवढ्यात फोन वाजला. साधा कॉल. स्क्रीनवर 'आई'.

"हॅलो?"

"लागला," ती म्हणाली. मला नाही, मागे कोणाला तरी. बहुतेक पप्पांना. मग मला म्हणाली, "काही नाही, लागतो का बघत होते. पोचलास ना? ठेवते, तुला पैसे पडतील."

आणि तिने ठेवला. कॉल अकरा सेकंदांचा होता.